तिसऱ्या नंबरचा सिनेमा

वर्ष संपत आलं की लोक आपल्या आवडत्या सिनेमांची क्रमवारी हौसेने लावतात. चहा पितात, वाद घालतात, एकमेकांच्या आवडीला नावं ठेवतात. मी माझी लावली तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडली होती. माझ्या क्रमवारीला मार्क मिळणार होते.

नागरी सेवांच्या परीक्षेचा, घरच्यांना परवडणारा, माझा शेवटचा प्रयत्न चालू होता. पूर्व झाली, मुख्य झाली, आता मुलाखत तेवढी राहिली होती. मुलाखतीआधी भरायच्या अर्जात छंदांचा एक रकाना असतो आणि त्यात मी ‘चित्रपट पाहणे’ असं लिहिलं होतं. अगदी खरं लिहिलं होतं. दिल्लीतल्या आमच्या गल्लीत राहून तयारी करणाऱ्या निम्म्या मुलांनी त्याच रकान्यात योगासनं लिहिली होती आणि त्यातला एकही जण सकाळी आठच्या आत उठत नव्हता. मी मात्र पोटाला चिमटा काढून सिनेमे पाहत आले होते. सकाळच्या खेळाचं स्वस्त तिकीट, पडद्यापासून दुसरी रांग, मान आखडेपर्यंत. आता छंद लिहिला म्हणजे त्यावर प्रश्न येणार, आणि तो काय येणार हे सगळ्यांना पाठ होतं. मागच्या वर्षातले तुमचे आवडते पाच सिनेमे क्रमाने सांगा, आणि कारणं द्या.

तारीख जवळ आली तशी मावशी मला खोलीवरून उचलून आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घेऊन गेली. ‘मुलाखत होईपर्यंत घरचं खा, त्या मेसच्या भाजीने अक्कल पातळ होते,’ असं तिचं म्हणणं. मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, एका मंत्रालयात अवर सचिव होते. कारकून म्हणून दिल्लीला आले आणि एकेक पायरी चढत तिथवर पोचले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, फाईलवर इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती, आणि घरात चार हिंदी शब्द शिरले तरी ती त्यांनी कधी मोडली नाही. त्यांनी मला तयार करायचं काम अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते कोट न काढता डायनिंग टेबलच्या पलीकडे बसायचे, हीटर माझ्या बाजूला वळवायचे आणि म्हणायचे, ‘चलो, आत या.’ मग मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नमस्कार करायची.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सिनेमांचा प्रश्न टाकला. मी मनापासून उत्तर दिलं. पहिला, तो बँडवाल्याचा सिनेमा.

त्या सिनेमाबद्दल सांगायला हवं. एका लहान शहरातला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा माणूस आणि त्याची शिकणारी मुलगी, एवढीच गोष्ट. डिसेंबरात आम्ही तिघं तो पाहायला गेलो होतो. मध्ये एक प्रसंग आहे. वरात येऊन पोचली आहे, मांडवात पंगती उठताहेत, आणि बँडवाले मागे, भटारखान्याच्या कनातीपाशी बसून आहेत. वाद्यं मांडीवर. कुणी बोलवायला येत नाही. शेवटी एक माणूस येतो आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं जेवण त्यांच्या हातात देतो. कुणी ओरडत नाही, कुणी रडत नाही, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. ते पिशव्या घेतात आणि निघतात. मी त्या अंधारात मावशीचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. माझे वडील नगरपालिकेत शिपाई होते आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. अशी पिशवी आमच्या घरी यायची. आम्ही भावंडं ती यायची वाट पाहत जागी राहायचो. चेपलेल्या जिलब्या, भाताला लागलेला त्यांचा पाक. मला तो लग्नाचा खाऊ वाटायचा. ती पिशवीतच का येते, हा प्रश्न मला सत्तावीस वर्षांत पडला नव्हता. त्या खुर्चीत बसल्यावर तो पडला, आणि फार राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

बाहेर पडल्यावर मावशी डोळे पुसत होती. काका एवढंच म्हणाले, ‘आवाज फार मोठा ठेवतात आजकाल.’

तर टेबलापलीकडच्या काकांनी माझं उत्तर ऐकलं आणि चष्मा काढला. ‘बिल्कुल नाही,’ ते म्हणाले. ‘हा पहिला नाही सांगायचा.’

‘का? मला तोच सगळ्यात आवडला.’

‘आवडला असेल. आवडण्याबद्दल कोण बोलतंय? खोलीत तू एकटी जात नाहीस. तुझं आडनाव पण तुझ्याबरोबर आत जातं.’

आमचं आडनाव महाराष्ट्रात ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. दिल्लीत मात्र त्याचा पत्ता चटकन लागत नाही. काकांना ऑफिसात लोक कौतुकाने ‘मराठा साहब’ म्हणायचे, शिवाजी महाराजांच्या गोष्टी ऐकवायचे, आणि काका हसून मान हलवायचे. ते ज्या जातीत जन्मले आणि मीही जन्मले, तिचं नाव त्या इमारतीत त्यांनी कधी काढलं नव्हतं. त्याची त्यांना लाज वाटत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. घरात ते आमच्या लोकांबद्दल छाती काढून बोलायचे. पण घराची आणि दाराबाहेरची भाषा वेगळी, तसंच ते होतं.

‘मंडळात एखादा तरी महाराष्ट्रातला, आडनाव ओळखणारा असतो,’ काका म्हणाले. ‘तू हा पहिला म्हणालीस की पुढचा प्रश्न, का? त्याचं उत्तर सरळ तुझ्या घरात जातं. मग तू मुलाखत देत नाहीस, सहानुभूती मागतेस, असं त्यांना वाटणार. एक मार्क गेला तरी यार, पोरी, आता पुढचा अटेम्प्ट नाही.’

शेवटचं वाक्य त्यांनी हळू म्हटलं. गावी आई प्रत्येक फोनला ‘सगळं नीट होईल’ म्हणायची तेव्हा तिचाही आवाज असाच हळू व्हायचा.

पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. ‘मग काय तो बघितलाच नाही म्हणू?’

‘तसं कशाला? तिसरा ठेव.’

आणि मग त्यांनी मला त्यांच्या ऑफिसची रीत समजावली. साहेबांपुढे फाईल न्यायची तर पाच पर्याय लिहून न्यायचे. आपल्याला जो मंजूर व्हायला हवा तो कधीही पहिला लिहायचा नाही. पहिला लिहिला की साहेबांना वाटतं, याचा यात काहीतरी स्वार्थ आहे. शेवटी लिहिला तर कुणी वाचत नाही. तिसरा लिहायचा. तिसऱ्यावर नजर आपोआप थांबते आणि साहेबांना वाटतं, हा मीच निवडला. ‘माझी अख्खी नोकरी तिसऱ्या पर्यायावर झाली आहे,’ काका अभिमानाने म्हणाले. त्यांचा अभिमान पाहून मला हसूही आलं आणि चीडही.

मग त्या आठवड्यात माझी क्रमवारी तयार झाली. तयार झाली म्हणजे काकांनी केली. पहिला, डोंगरातल्या बायका वणवा विझवतात तो. पर्यावरण आलं, महिला आल्या, कुणाला आक्षेप नाही. खरं तर त्यात पहिला तासभर नुसते देवदार दिसतात. दुसरा, सीमेवरच्या लष्करी डॉक्टरचा. तो मला बरा वाटला होता, पण काकांनी सांगितलेली कारणं तो पाहताना माझ्या मनात आलीच नव्हती. तिसरा, बँडवाला. चौथा दक्षिणेकडचा, रेशन दुकानदारावरचा, म्हणजे प्रादेशिक समतोल साधला. पाचवा तलाव वाचवणाऱ्या मुलांचा. लग्नाचा एकच हॉल दोन कुटुंबांना दिला जातो त्या धमाल सिनेमाला मी मनातून दुसरा नंबर दिला होता. तो काकांनी बघताबघता काढून टाकला. ‘हलकाफुलका आहे. अधिकारी व्हायचंय ना?’

मावशी भाजी निवडता निवडता ऐकत होती. ‘माझा तर तो हॉलवालाच पहिला,’ ती म्हणाली. ‘एक मिनिट डोळा लागला नाही मला. त्या देवदारांत मी छान झोपले होते.’

‘तुझी मुलाखत नाहीये,’ काका म्हणाले.

‘म्हणून तर खरं बोलतेय,’ मावशी म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली.

रोज संध्याकाळी तेच. नमस्कार, बसा, छंद, पाच सिनेमे. बँडवाला तिसरा का, याचं उत्तरही काकांनी बसवून घेतलं. उत्तरार्ध संथ आहे आणि दिग्दर्शक काही ठिकाणी एका बाजूला झुकतो. हे वाक्य म्हणताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. काका म्हणायचे, ‘अच्छा, परत.’ मी परत म्हणायची. आठवड्याभरात ते सुळसुळीत झालं. एक दिवस दुपारी भांडी विसळताना मी तेच वाक्य स्वतःशी पुटपुटले आणि मला क्षणभर खरंच वाटलं, की हो, उत्तरार्ध संथच आहे. मुलाखतीची भीती मला होतीच, त्यात आता ही दुसरी आली. मला काय आवडतं हे मी या टेबलावर विसरून तर जाणार नाही ना?

त्या संध्याकाळी मी काकांवर भडकले. म्हटलं, ‘तुम्हाला तरी आवडला होता का हो तो? खरं सांगा.’ काका म्हणाले, ‘माझा प्रश्न नाही तो.’ मी म्हटलं, ‘तुमचा कधीच नसतो.’ फार बोलले मी. काका उठले, हीटरचं बटण बंद केलं आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट घालून टेबलापलीकडे बसले. आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

मुलाखतीच्या दिवशी धुकं होतं. काकांनी अर्धा दिवस रजा टाकली होती. मला दारापर्यंत सोडताना त्यांनी माझ्या साडीच्या पदराला लावलेली पिन तपासली आणि म्हणाले, ‘संतुलित बोल.’

आत माझी सुरुवात चांगली झाली. अध्यक्ष बाई होत्या, आवाज मऊ. माझ्या जिल्ह्याचं पाणी, तुरीचे भाव, नगरपालिकांची तिजोरी, सगळं मी नीट सांगितलं. मुलाखत इंग्रजीत चालली होती, इथे मी मराठीत सांगते आहे. मग कडेला बसलेले एक वयस्कर सदस्य पुढे सरकले. अंगात घरी विणलेला स्वेटर होता. ‘तुम्ही सिनेमे पाहता,’ ते म्हणाले, आणि तोच प्रश्न आला.

मी पाचही क्रमाने सांगितले. देवदारांपासून तलावापर्यंत, एकही शब्द न चुकता. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले.

‘हा तिसरा मी पाहिला आहे,’ ते म्हणाले. ‘बायकोबरोबर गेलो होतो. मी तर त्याला पहिलाच नंबर दिला असता. तुम्ही तिसरा का दिलात?’

नजर तिसऱ्यावर थांबते असं काका म्हणाले होते, तशी ती थांबली होती. मी वाक्य म्हटलं. उत्तरार्ध संथ आहे, दिग्दर्शक काही ठिकाणी एका बाजूला झुकतो.

‘कुणाच्या बाजूला?’

‘बँडवाल्यांच्या, सर.’

‘बरं,’ ते म्हणाले. ते चिडले नव्हते, उलट मला पटवू पाहत होते. ‘पण बघा, तो जेवणाचा प्रसंग. किती संयम आहे त्यात. सगळ्यांची जेवणं होतात, हे बिचारे मागे बसलेले, आणि शेवटी यजमान येऊन त्यांना हाताला धरून पंगतीत बसवतो. माझ्या बायकोला रडू आलं. त्यात झुकणं कुठे आहे?’

गप्प बसायचं होतं. ‘होय सर, तो प्रसंग सुंदर आहे,’ एवढं म्हणून पुढे जायचं होतं. डायनिंग टेबलावर मी हजार वेळा पुढे गेले असते.

‘नाही सर,’ मी म्हणाले. ‘बसवत नाहीत.’

‘काय म्हणालात?’

‘पंगतीत बसवत नाहीत सर. पिशवीत बांधून देतात. ते पिशव्या घेऊन घरी जातात.’

ते आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांचा चेहरा उतरला, आणि मला दिसलं की हा माणूस भला आहे. इतका भला, की त्याने घरी जाईपर्यंत तो प्रसंग मनातल्या मनात दुरुस्त करून टाकला होता.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, ‘तुम्हाला इतकं नक्की कसं आठवतं?’

आता मागे जायला वाट नव्हती. ‘माझे वडील क्लॅरिनेट वाजवायचे, मॅडम. अशी पिशवी आमच्या घरी यायची. मी त्यातल्या जिलब्या खाऊन वाढले.’

सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग बाईंनी तितक्याच मऊ आवाजात विचारलं, ‘असं असताना हा तुमचा तिसरा नंबर?’

‘नाही मॅडम. पहिला आहे. पहिला म्हणाले असते तर तो माझ्या घरामुळे म्हणते असं तुम्हाला वाटलं असतं, म्हणून तिसरा म्हणाले.’

‘आणि ते खरं नसतं?’

या प्रश्नाची तयारी कुणी करून घेतली नव्हती. मी म्हटलं, ‘थोडं खरं असतं. बाकीचे चार सिनेमे मी बाहेरून पाहिले, हा आतून पाहिला. पण फक्त तेवढंच असतं तर मला तो आवडला नसता, कारण आमच्यावरचे वाईट सिनेमेही मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. यात त्या नटाची बोटं खऱ्या सुरांवर पडतात. उत्तरार्ध संथ नाही, मॅडम. ते मी पाठ केलेलं होतं.’

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, बाकीच्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘धन्यवाद, तुमची मुलाखत संपली.’

निकाल पुढे लागला तेव्हा यादीत माझं नाव होतं. बरंच खाली होतं. हवी होती ती सेवा मिळाली नाही, दुसरी मिळाली, आणि ती मी आज करते आहे. त्या उत्तराने माझे मार्क वाढले की गेले, ते मला आजही माहीत नाही. मुलाखतीचा एकच आकडा कळतो, कोणत्या वाक्याला किती ते कुणी सांगत नाही. पण ही नंतरची गोष्ट. त्या दुपारी मी बाहेर आले तेव्हा मी सगळं घालवलं आहे याबद्दल मला शंका नव्हती.

काका फाटकासमोरच्या फुटपाथवर उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि तिथे काहीच विचारलं नाही. मेट्रोत बसायला जागा मिळाली. दोन स्टेशनं गेल्यावर मीच सांगायला लागले. सगळं सांगितलं, जसं झालं तसं. स्वेटरवाले सदस्य, पंगत, पिशवी, जिलब्या. काका समोरच्या खिडकीकडे पाहत ऐकत होते. ते आता रागावतील, म्हणून मी त्यांच्या आधीच म्हटलं, ‘मला माहीत आहे, मी वाट लावली.’

‘मग काय म्हणाले ते?’ काकांनी विचारलं. ‘तू सांगितल्यावर?’

‘काही नाही. ऐकून घेतलं.’

‘कुणी हसलं नाही?’

‘नाही, काका.’

‘असं सांगता येतं होय,’ ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. गर्दी वाढली होती, एक बाई आमच्या गुडघ्यांना पिशवी टेकवून उभी होती. काकांनी तिला जागा द्यायला उठल्यासारखं केलं आणि पुन्हा बसले. मग तिच्याकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही.

‘मला पण एकदा विचारलं होतं,’ ते म्हणाले. ‘नवीन लागलो तेव्हा. आमचे पहिले साहेब, फार चांगला माणूस. डबा खाताना सहज म्हणाले, घरी वडील काय करतात? आमचे वडील हलगी वाजवायचे गं. पंचक्रोशीत तसा हात नव्हता कुणाचा.’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. घरात मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते तेव्हाही रडले नाहीत.

‘शेती करतात म्हणालो,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडे वीतभर जमीन नव्हती.’